पेन ड्राइव्ह 'फॉरमॅट करा' म्हणतोय, आत लग्नाचे फोटो आहेत

दहिवडीकर
मंडळी, जाणकारांची मदत हवी आहे.
२०१८ साली आमचं लग्न झालं. फोटोग्राफरने अल्बमबरोबर लाकडी डबीत ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह दिला, वर दोघांची नावं कोरलेली. सगळे मूळ फोटो आणि व्हिडिओ त्यातच आहेत. सासूबाईंना एक फोटो मोठा करून फ्रेम करायचा होता म्हणून परवा डबी उघडली, तर विंडोज म्हणतंय 'वापरण्यापूर्वी डिस्क फॉरमॅट करावी लागेल'. मी 'कॅन्सल' दाबलं. दुसऱ्या लॅपटॉपवर तेच. टीव्हीला लावला तर टीव्ही ढिम्म. दहाएक मिनिटांत पेन ड्राइव्ह चांगलाच तापतो आणि मधूनच गायब होतो.
फोटोग्राफरकडे आता डेटा नाही. गावातला दुकानदार म्हणतो, "फॉरमॅट मारून देतो, मग सॉफ्टवेअरने सगळं परत येतं." द्यावा का त्याच्याकडे?

भोचक_भवानी
फोटो गेले तर परत लग्न करा, त्यात काय! (त्याच बायकोशी. हलके घ्या.)

खडूस
ज्या गोष्टीची एकच प्रत आहे ती गोष्ट आपल्याकडे नाहीच असं समजावं. निदान तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. हा नियम जुना आहे, पण आपल्याकडे पेन ड्राइव्ह म्हणजे लॉकर समजतात.

अनारसे
@खडूस, घर जळत असताना विहीर कुठे खणायला हवी होती ते सांगू नका हो. दहिवडीकर, घाई करू नका, इथे खरोखरचे जाणकार आहेत. ते जेवून येतील.

झेरॉक्सदादा
माझं दुकान तहसील कचेरीसमोर आहे, दिवसभर लोकांचे पेन ड्राइव्हच हाताळतो. फॉरमॅट म्हणणारे निम्मे तरी चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन) मारल्यावर चालू होतात. नाहीच झालं तर क्विक फॉरमॅट आणि मग रिकुव्हा, म्हणजे पुसलेल्या फायली शोधणारं सॉफ्टवेअर. बऱ्याच पोरांचे प्रोजेक्ट असे काढून दिलेत. क्विक फॉरमॅटने डेटा जात नाही, फक्त फायलींची यादी पुसली जाते. दुकानदार अगदीच चुकीचं सांगत नाहीये.
आणखी एक: कधी कधी फायली जागेवरच असतात, व्हायरस त्या लपवतो आणि सगळीकडे शॉर्टकट दिसतात. त्याला रिकव्हरी लागत नाही, लपवल्याची खूण काढली की झालं.

टर्मिनलवीर
झेरॉक्सदादा, तुमचा अनुभव खरा आहे, पण तो *धडधाकट* पेन ड्राइव्हचा. हा तापतोय आणि मधेच गायब होतोय, म्हणजे आजार यादीत नाही, हार्डवेअरमध्ये आहे. अशा ड्राइव्हवर काहीही लिहायला लावणं म्हणजे जुगार. चेकडिस्क लिहितं. फॉरमॅट तर लिहितंच. आणि दुकानात कोणी चुकून 'क्विक'ची खूण काढली तर व्हिस्टापासून पुढचं विंडोज सबंध ड्राइव्हवर शून्यं लिहीत जातं, मग देव आला तरी काही मिळत नाही.
दहिवडीकर, विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडून बघा. तिथे किती जीबी दिसतात? 'रॉ' (म्हणजे ड्राइव्ह दिसतो, पण आतली मांडणी विंडोजला ओळखता येत नाही) लिहिलंय की 'नो मीडिया'? बघा आणि लगेच काढून ठेवा.

दहिवडीकर
रॉ, आणि ५८ जीबीच्या आसपास. शॉर्टकट वगैरे काही नाही, ड्राइव्ह उघडतच नाही.

टर्मिनलवीर
मग बातमी चांगली आहे. आकारमान बरोबर दिसतंय म्हणजे आतला कंट्रोलर (ड्राइव्हचा कारभार बघणारी चिप) अजून डेटाच्या चिपशी बोलतोय. (६४ चे ५८ दिसणं ठीक आहे, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, शिवाय थोडी जागा ड्राइव्ह स्वतःसाठी राखतो.) 'नो मीडिया' किंवा शून्य बाइट आलं असतं तर घरच्या घरी करण्यासारखं काही उरलं नसतं. आणि रॉ असेल तर चेकडिस्क चालतच नाही, रॉवर चालत नाही असं सांगून मोकळं होतं. तो वाद मिटला.

आता एकच काम: ड्राइव्ह जिवंत आहे तोवर त्याची अख्खी प्रत, म्हणजे इमेज, काढून घ्या. फायली शोधत बसू नका. रिकुव्हासारखी सॉफ्टवेअरं थेट ड्राइव्हवर चालवली की ती सगळा ड्राइव्ह वाचतात, खराब जागी अडकतात, मग तुम्ही दुसरं सॉफ्टवेअर लावता, ते पुन्हा पहिल्यापासून वाचतं. मरायला टेकलेल्या ड्राइव्हला एवढं वाचन झेपत नाही. इमेज एकदा हातात आली की तिच्यावर हवे ते प्रयोग करा.

यासाठी लिनक्सवरचं ग्नू डीडीरेस्क्यू, खराब ड्राइव्हची प्रत काढणारा प्रोग्राम. उबंटू (लिनक्सचाच एक प्रकार) दुसऱ्या पेन ड्राइव्हवरून लाइव्ह चालवा, लॅपटॉपवर इन्स्टॉल करायची गरज नाही. याचं शहाणपण असं की ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, अडलं तिथून उडी मारून पुढे जातं, आणि खराब जागांकडे शेवटी वळतं. कुठपर्यंत आलो याची नोंद ते मॅप फाइलमध्ये ठेवतं. म्हणून ड्राइव्ह तापला की थांबवा, काढा, गार होऊ द्या, परत लावा. जिथे सोडलं तिथूनच सुरू होतं. पहिल्या फेरीत खराब भाग खरवडायला लावू नका, तो पर्याय बंद ठेवता येतो.

तीन गोष्टी सांभाळा. इमेज ज्या डिस्कवर ठेवाल तिथे निदान ६५ जीबी मोकळी जागा हवी आणि ती डिस्क फॅट-३२ नको, कारण तिथे ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. ड्राइव्ह काढून परत लावला की लिनक्स त्याला कधी कधी वेगळं नाव देतं, दर वेळी तपासा. आणि 'फोर्स' हा पर्याय द्यायला कोणी सांगितलं तर थांबा: डीडीरेस्क्यू एखाद्या सबंध डिस्कवर लिहायला आपणहून तयार होत नाही, ती तुमची सुरक्षाकडी आहे.
कमांड व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

नानाकाका_७२
आमच्या ऑफिसात एकाने हार्ड डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवली होती आणि ती चालली होती, शपथेवर सांगतो. तापतोय म्हणताय तर हाही ठेवून बघा की!

सोल्डरबाबा
काका, नको! ती युक्ती हार्ड डिस्कच्या फिरणाऱ्या भागांसाठी होती आणि तिथेही ती शेवटचा उपाय म्हणूनच. पेन ड्राइव्हमध्ये फिरणारं काही नाही. थंड ड्राइव्ह बाहेर काढला की हवेतलं पाणी सर्किटवर धरतं, त्यावर ५ व्होल्ट सोडायचे म्हणजे उरलंसुरलं शॉर्ट. छोटा पंखा समोर धरा, पुरे.

आता आत काय असतं ते सांगतो, म्हणजे लोक उगाच तांदळात पुरणार नाहीत. साध्या पेन ड्राइव्हमध्ये एक नँड चिप असते, तिथे तुमचा डेटा. एक कंट्रोलर, एक क्रिस्टल, थोडे रेझिस्टर-कपॅसिटर आणि यूएसबीचा जोड. जोडाला चार पिना (३.० असेल तर नऊ). लॅपटॉपला लावलेला असताना धक्का बसून जोडाचे टाके तुटणं हा नेहमीचा बिघाड. त्यात डेटाला काहीच झालेलं नसतं. मोबाइल दुरुस्तीवाला चांगला असेल तर टाका मारून देतो. पडून क्रिस्टल तडकला तरी बदलता येतो.

कंट्रोलर मेला तर मात्र काम मोठं. नँड चिप काढून वेगळ्या रीडरवर वाचावी लागते. लोकांना वाटतं चिप काढली, दुसऱ्या ड्राइव्हला लावली, झालं. तसं होत नाही. कंट्रोलर डेटा ओळीने ठेवत नाही. एकच जागा झिजू नये म्हणून तो सगळीकडे पसरतो, वर एक ठरावीक घोळ घालून लिहितो, आणि चुका सुधारायचे जादा बिट्स जोडतो. तो सगळा घोळ उलटा सोडवायला रशियन पीसी-३००० फ्लॅशसारखी महागडी साधनं आणि माणसाचा वेळ लागतो. आणि हल्लीचे नखाएवढे ड्राइव्ह तर एकसंध काळी चकती असतात. तिथे चिप वेगळी नसतेच, वरचा थर खरवडून खालच्या बिंदूंना केसासारख्या तारा जोडाव्या लागतात.

तुमच्या केसमध्ये मला वेगळा संशय आहे. नँडमध्ये बिट म्हणजे बंदिस्त केलेला विद्युतभार, आणि तो हळूहळू गळतो. एका पेशीत एकच बिट ठेवणाऱ्या जुन्या चिपा हे बरेच सोसायच्या. आता एका पेशीत तीन-तीन बिट कोंबतात, त्यामुळे थोडी गळती झाली तरी वाचताना चूक होते. एसएसडीसाठी जेडेकचं (चिपांची मानकं ठरवणारी संस्था) मानक आहे: साध्या ग्राहकाच्या एसएसडीने तिचं लेखन-आयुष्य संपल्यावरही वीज नसताना ३० अंशांत एक वर्ष डेटा धरावा. पेन ड्राइव्हच्या पाकिटावर असलं काही छापलेलं मी तरी पाहिलेलं नाही. भेटवस्तूच्या डबीतले ड्राइव्ह तर घाऊक बाजारातून किलोने आल्यासारखे येतात. लोखंडी कपाट, माणदेशातला उन्हाळा, सहा-सात वर्षं वीज नाही. वापरला नाही म्हणून टिकेल हा हिशेब फ्लॅशला लागू पडत नाही.

अनारसे
म्हणजे दोष फोटोग्राफरचाच! नवीन जोडप्याकडून बक्कळ पैसे घ्यायचे आणि आत दोनशे रुपड्यांचा ड्राइव्ह. वर मूळ डेटाही ठेवायचा नाही.

कॅमेरावाला_सातारा
ताई, दुसरी बाजूही ऐका. एका लग्नाला दोन-तीन कॅमेरे, रॉ (कॅमेऱ्यातले मूळ, मोठ्या आकाराचे) फोटो आणि व्हिडिओ मिळून २००-३०० जीबी सहज होतं. हंगामात अशी किती लग्नं, मोजा. सगळं कायम ठेवायचं तर दर वर्षी हार्ड डिस्कांचा ढीग, आणि त्याचेही बॅकअप. त्याचे पैसे द्यायला कुणी तयार नसतं. घासाघीस शेवटच्या हजारापर्यंत चालते. अल्बम हातात दिल्यावर ठरावीक मुदत ठेवतो आणि तसं पावतीवर छापलेलंच असतं.
ड्राइव्ह हलका देतात हे मात्र कबूल. डबी बघून लोक खूश होतात, आत काय आहे ते कोणी विचारत नाही. मी आता गिऱ्हाइकाला समोर बसवून त्याच्या लॅपटॉपवर कॉपी करून देतो आणि मगच सही घेतो.

अनारसे
पावतीवरची ती मुदत मुंगीच्या अक्षरात असते. पण समोर कॉपी करून देता हे आवडलं.

नानाकाका_७२
अवांतर: २००० साली पहिल्यांदा हे प्रकरण बाजारात आलं तेव्हा अमेरिकेत आयबीएमने विकलेल्या ड्राइव्हची क्षमता ८ एमबी होती. आठ! १.४४ च्या फ्लॉप्या खिशात घेऊन फिरणाऱ्या आम्हाला ते ऐकून गरगरलं होतं. आमच्या लग्नाचे एकूण फोटो छत्तीस, एका रोलचे. त्यातल्या चारांत मेव्हण्याची पाठ.

भोचक_भवानी
काका, मेव्हण्याची पाठ आजही प्रत्येक व्हिडिओत असते, फक्त फोर-केमध्ये.

न्यूजर्सीची_मावशी
आमच्याकडे मुलीच्या पीएचडीच्या डेटाचा ड्राइव्ह मेला होता, कंट्रोलर गेलेला. प्रयोगशाळेने पाच आकडी रुपये होतील एवढे डॉलर सांगितले, पण 'डेटा मिळाला नाही तर पैसे नाहीत' असं लिहून दिलं. मिळाला. त्यांची एक अट लक्षात ठेवण्यासारखी होती: आधी कुणी उघडलेला, गरम केलेला ड्राइव्ह असेल तर हमी नाही.
पुण्या-मुंबईत दिलात तर बिघाड काय आहे हे लेखी घ्या, आणि मिळालेल्या फायलींची यादी पैसे देण्याआधी बघा. शिवाय घरचे फोटो अनोळखी माणसाच्या मशीनवर जातात याचाही विचार करा.

सोल्डरबाबा
मावशींना अनुमोदन. तपकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडला काम करणारे हात चांगले आहेत, पण 'दुरुस्ती' आणि 'डेटा काढणे' ही दोन कामं वेगळी. दुरुस्तीवाल्याला ड्राइव्ह *चालू* करायचा असतो, त्यासाठी तो कंट्रोलरचा कारखान्यातला प्रोग्राम परत चढवतो. ड्राइव्ह नव्यासारखा होतो आणि डेटा साफ. देताना स्पष्ट सांगा: ड्राइव्ह मेला तरी चालेल, आतलं हवंय.

झेरॉक्सदादा
टर्मिनलवीर, पटलं. तापणाऱ्याला हात लावणार नाही.
माझा एक किस्सा टाकतो. एका मंडळाची स्मरणिका, ड्राइव्हवरून काढून दिली, तर कार्यकर्ते भांडायला आले: "फाइल करप्ट आहे, सगळं इंग्रजीत काहीतरी आलंय." श्रीलिपीत टाइप केलेली होती, त्यांच्या मशीनवर तो फॉन्टच नव्हता! फॉन्ट टाकला, मराठी हजर. तेव्हा जुन्या फायली उघडून कचरा दिसला तर लगेच मातम करू नका, आधी फॉन्ट बघा.

वाचनमात्र_होतो
वाचनखूण साठवली.

दहिवडीकर
सगळ्यांचे आभार. भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याने उबंटू लावलं. टर्मिनलवीरांची कमांड, सोल्डरबाबांचा पंखा. ड्राइव्ह दोनदा गायब झाला, पण गार करून लावला की गाडी पुढे जायची. रात्रभर चालू ठेवलं. ९९ टक्क्यांच्या वर वाचून झालंय. जे वाचलं जात नाही त्यातला एक तुकडा अगदी सुरुवातीला आहे, बाकी मधे विखुरलेले. इमेज दोन ठिकाणी ठेवली (खडूस, ऐकताय ना). आता?

खडूस
ऐकतोय. तिसरी घराबाहेर ठेवा.

टर्मिनलवीर
झकास. अवघड भाग संपला. ड्राइव्ह आता डबीत ठेवून द्या, त्याला परत लावू नका.

सुरुवातीचा तुकडा गेला म्हणूनच विंडोज फॉरमॅट मागत होतं. तिथे बूट सेक्टर असतो (सेक्टर म्हणजे ड्राइव्हवरचा छोटा कप्पा), फाइल सिस्टिम, म्हणजे फायलींची मांडणी, कोणती आणि कुठून सुरू हे त्यात लिहिलेलं. तुमच्याकडे मोठे व्हिडिओ आहेत म्हणजे एक्सफॅट (मोठ्या फायली मावणारी मांडणी) असणार. एक्सफॅट बूट सेक्टरची दुसरी प्रत बाराव्या सेक्टरपासून ठेवतं. ती वाचली गेली असेल तर टेस्टडिस्क या सॉफ्टवेअरने *इमेजच्या प्रतीवर* पहिलीच्या जागी बसवा. किंवा इमेज डीएमडीई या रिकव्हरी सॉफ्टवेअरमध्ये उघडा, ते स्वतःच शोधतं. फुकट आवृत्तीत एका वेळी एका फोल्डरमधल्या ४००० फायली काढता येतात, तुम्हाला पुरेल.

तुमच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे. हा ड्राइव्ह एकदाच, रिकामा असताना, सलग भरलेला. त्यामुळे फायली तुकड्या-तुकड्यांत नसणार. एक्सफॅटमध्ये सलग फाइलची नोंद फोल्डरमध्येच असते, इथून सुरू, एवढी लांब, आणि 'तक्ता (फायलींचे तुकडे कुठे आहेत याची ड्राइव्हवरची यादी) बघायची गरज नाही' अशी खूण. तक्ता फाटला तरी ती निघते. आपण रोज भरतो-पुसतो त्या ड्राइव्हवर हे सुख नसतं.

फोल्डरच मिळाले नाहीत तर फोटोरेक हे सॉफ्टवेअर. ते नावं-बिवं बघत नाही, फायलीचं तोंड ओळखतं. जेपेग नेहमी ठरावीक बाइट्सनी सुरू होतो, तिथून उचलायचं. नावं मात्र जातात, आकड्यांच्या फायली मिळतात, पाचशे-पाचशेचे फोल्डर. फोटो काढल्याची वेळ फायलीच्या आत असते, तिच्यावरून क्रम परत लावता येतो.

दहिवडीकर
झालं!!! डीएमडीईमध्ये 'हळद', 'सीमांतपूजन', 'लग्न', 'रिसेप्शन' असे फोल्डर नावासकट दिसले. फोटो जवळजवळ सगळे उघडले. थोड्या फोटोंचा खालचा भाग करडा आहे, एकात नवरा आहे आणि नवरीच्या जागी पट्टा. सौ. म्हणाल्या, हा मी ठेवणार.
सासूबाईंचा फोटो धड आहे, मोठा करायला दिला.
एकच राहिलं. रिसेप्शनचे व्हिडिओ चालतात, पण लग्नविधीचा मुख्य व्हिडिओ काही केल्या उघडत नाही. आकार तर पूर्ण दाखवतोय, ९ जीबी.

भोचक_भवानी
अभिनंदन! पेढे व्यनि करा.

नानाकाका_७२
अभिनंदन. फ्रीझरशिवाय झालं म्हणायचं.

टर्मिनलवीर
एमपी-४ ची खोड आहे ती. चित्र-आवाज कुठे कसा साठवलाय हे सांगणारी अनुक्रमणिका, तिला 'मूव्ह' म्हणतात, बऱ्याचदा फायलीच्या शेवटी लिहिलेली असते. नेमका तो भाग खराब सेक्टरवर आला तर ९ जीबी असून प्लेअरला काही कळत नाही. दोन उपाय. आधी ड्राइव्हवर डीडीरेस्क्यूची आणखी एक फेरी, फक्त राहिलेल्या जागांसाठी, मॅप फाइल तीच वापरून. इमेज सुरक्षित आहे, आता जोखीम घ्यायला हरकत नाही. त्याने नाही जमलं तर अनट्रंक, बिघडलेले व्हिडिओ दुरुस्त करणारा प्रोग्राम. त्याला त्याच कॅमेऱ्याचा, किंवा त्याच स्टुडिओने त्याच सेटिंगवर बनवलेला एक *चांगला* व्हिडिओ नमुना म्हणून द्यावा लागतो. त्यावरून ते अनुक्रमणिका नव्याने बांधतं.

कॅमेरावाला_सातारा
नमुना म्हणून रिसेप्शनचा व्हिडिओ चालेल का बघा. पण आम्ही बरेचदा विधी आणि रिसेप्शन वेगळ्या माणसाकडून एडिट करून घेतो, सेटिंग सारखं असेलच असं नाही.

दहिवडीकर
पुढच्या फेरीत आणखी थोडं वाचलं गेलं, पण व्हिडिओ नाहीच. रिसेप्शनचा नमुना देऊन बघितला: आवाज येतो, मंगलाष्टकं स्पष्ट ऐकू येतात, चित्र हिरवं. फोटोग्राफरला विचारलं तर म्हणाला, विधीचं एडिटिंग त्याच्या भावाकडे असायचं, त्याच वर्षी आमच्या मावसभावाच्या मुंजीचंही त्यानेच केलं होतं. मावसभावाकडे तो पेन ड्राइव्ह आहे, अशाच लाकडी डबीत. रविवारी आणतो.

सोल्डरबाबा
आणा, पण तिथेच त्यांच्या लॅपटॉपवर आधी कॉपी करून घ्या. तोही त्याच घाऊक पाकिटातला असणार.